दहा घटकांतली एक

आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. रत्नागिरीत तेव्हा वकिलांकडे, कचेरीतल्या मंडळींकडे भिंतीवर लंबकाची घड्याळं आली होती. आमच्याकडे घटिकापात्र होतं. तांब्याचं, नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढं, आणि बुडाला एक बारीक भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ते अलगद सोडायचं. भोकातून पाणी आत चढत जाई आणि पात्र भरलं की ‘डुबुक्’ असा आवाज होऊन तळाशी जाई. तेवढा वेळ म्हणजे एक घटका, चोवीस मिनिटं. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणत असू, हे पात्र घेऊन लग्नाघरी जात. सूर्याचं बिंब अर्धं वर आलं की ते पात्र पाण्यात सोडत आणि मुहूर्त भरेपर्यंत शेजारी पाटावर बसून राहत. दर घटकेला एक सुपारी डावीकडची उजवीकडे ठेवायची. तेवढ्या वेळात ते कोणाशी बोलत नसत, उठत नसत, पाणीसुद्धा पीत नसत. आमच्या आळीत कोणी एखादी गोष्ट फार ठासून सांगू लागला तर ऐकणारा विचारी, “जोशीबुवांची सुपारी आहे काय?” म्हणजे तितकी पक्की आहे काय.

घर लहानसं होतं, चिऱ्यांचं, पुढे ओटी आणि मागे विहीर. सकाळी रहाट कुरकुरायला लागला की जाग यायची आणि मग ओटीवरून तात्यांचा पंचांग वाचतानाचा नाकातला सूर ऐकू येई. आई चुलीपुढे. मऊभात, मेतकूट, वर पोह्याचा भाजका पापड. दुपारी कुळथाचं पिठलं नाही तर आंबोशीची आमटी. आणि मे महिन्यात ओल्या काजूगरांची उसळ, जिच्यासाठी मी मुंबईहून बोटीत बसायच्या आठवडाभर आधीपासून जीव टाकत असे. उसळीतले काजूगर माझी धाकटी बहीण यमू मोजून वाढायची. तिला सगळंच मोजायची खोड होती. पायऱ्या, पापड, माझ्या सदऱ्याची तुटलेली बटणं. तात्या म्हणत, “हिला मुलगा केलं असतं देवाने, तर पात्र हिच्याच हाती दिलं असतं.” मग मला वाईट वाटेल म्हणून लगेच पुढे म्हणत, “दादाचं काय, दादा मोठं गणित करणार.”

ते मोठं गणित मी मुंबईला करत होतो. कॉलेजात शेवटच्या दोन वर्षांत आम्हाला एक विषय होता. भौतिकशास्त्राला लागणाऱ्या गणिती पद्धती असं त्याचं साधं वर्णन करता येईल. तापलेली सळई कशी निवते, ताणलेली तार कशी थरथरते, भांड्यातलं पाणी छिद्रातून किती वेगाने जातं, हे सगळं समीकरणांत मांडायचं आणि सोडवायचं. आधी मला तो विषय डोंगराएवढा वाटला. मग एके दिवशी सळईचं उदाहरण सुटलं आणि मला असं झालं की जगातल्या सगळ्या वस्तूंची गुपितं मला कोणीतरी कानात सांगितली आहेत. वीस वर्षांच्या पोराला असं वाटणं फार वाईट. आमचे पारशी प्रोफेसर सावध माणूस होते. फळ्यावर एखादा स्थिरांक लिहिला की खडू त्याच्यावर टेकवून ते म्हणत, हा स्थिर आहे असं आपण धरून चाललो आहोत. तो तसा आहे की नाही, हे कागदाला ठाऊक नसतं. आम्ही हे वाक्य वहीत उतरून घेत असू आणि मागे बसून त्यांच्या उच्चाराची नक्कल करत असू. नक्कल मला फार चांगली साधायची.

त्या वर्षी मी सुट्टीत घरी आलो तेव्हा यमूचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा खेडचा, शाळेत मास्तर, माणसं घरंदाज पण काटेकोर. मुहूर्त वैशाखातला. मधे महिनाभर वेळ होता आणि माझ्या हाताला काम नव्हतं. फडताळात घटिकापात्र दिसलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे तर वहीतलंच उदाहरण. तरंगतं भांडं, बुडाला छिद्र, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक. मी ओटीवर बसून दोन पानं भरली. मग वाटलं, आता मापून बघू. आमच्या खालच्या अंगाला एक म्हातारे नाखवा राहत. आफ्रिकेपर्यंत गलबत नेऊन आलेले, त्यांच्याकडे पितळी पेटीतलं जहाजावरचं घड्याळ होतं. ते मागायला गेलो तर म्हणाले, “ने बाबा, पण सांजच्याला परत आण. माझी नमाज हाय त्याच्यावर.” मी तीनदा पात्र सोडलं. तिन्ही वेळा साडेसव्वीस मिनिटं लागली. चोवीस हवीत. मला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही. ज्या भांड्याची आळीत शपथ घेतात ते अडीच मिनिटं खोटं आहे, आणि हे मला कळलं आहे.

तात्या जेवायला बसले तेव्हा मी त्यांना ते सांगितलं. त्यांना राग आला नाही. भात कालवता कालवता ते म्हणाले, “असेल. पण लग्नाच्या दिवशी ते बरोबर चालतं.”

मी हसलो. भांड्याला लग्नाचा दिवस कसा कळतो, असं काहीतरी बोललो. आईने डोळे वटारले. तात्या मात्र गंभीरपणे विचार करत राहिले आणि म्हणाले की ते त्यांनाही ठाऊक नाही, पण त्यांच्या वडिलांपासून तसाच अनुभव आहे. मला ही निव्वळ भोळसट श्रद्धा वाटली. त्या उत्तरात सगळं होतं आणि मी वही घेऊन त्याच्या समोर बसलो होतो, तरी मला दिसलं नाही.

दोन दिवसांनी तात्या भाट्याला काकांकडे लग्नाचं बोलायला गेले. खाडी तरीतून ओलांडून जायचं, म्हणजे दिवस मोडणार. मी सोनाराकडून बारीक कानस आणली. किती घासायचं, याचा हिशेब माझ्या दोन पानांतून शेवटी साध्या त्रैराशिकावर आला होता. वेळ जितक्या पटीने कमी हवा, तितक्या पटीने छिद्र मोठं. तात्यांनी ते बोटांवर केलं असतं. मी थोडं घासायचो, पात्र पाण्यात सोडायचो, नाखव्यांच्या घड्याळाकडे बघायचो, पुन्हा घासायचो. दुपार कलली तेव्हा पात्र बरोबर चोवीस मिनिटांत बुडालं. मी ते पुसून फडताळात ठेवलं आणि कोणाला काही बोललो नाही. यमूच्या लग्नात घटका अचूक भरतील, हे माझ्याकडून तिला आंदण, अशी माझी कल्पना होती. लग्न झाल्यावर तात्यांना सांगायचं, मग ते थक्क होतील, आणि कॉलेज उघडलं की प्रोफेसरांनाही दाखवायचं, असं सगळं मनात जुळवून मी त्या रात्री फार सुखाने झोपलो.

लग्नात एक अडचण निघाली. मुलीच्या बापाने कन्यादान करायचं की घटका मोजत बसायचं? सगळ्यांनी सांगितलं, दुसऱ्या कोणाला तरी बसवा. तात्या ऐकेनात. म्हणाले, गावातल्या सगळ्या पोरींच्या घटका मी मोजल्या आणि माझ्या पोरीची दुसऱ्याने मोजायची काय? शेवटी कन्यादानाला काका-काकू बसले. आदल्या संध्याकाळी तात्या विहिरीवर गेले. चिंचेचा गोळा आणि चुलीतली राख घेऊन त्यांनी पात्र आतून-बाहेरून घासलं, भोकातून केरसुणीची काडी फिरवली, पाच पाण्यांनी धुतलं. मी तिथेच रहाट ओढत होतो. पात्र लालभडक झालं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, छान दिसतंय. लग्नाआधी ते नेहमीच असं करत. लहानपणापासून मी पाहत आलो होतो, आणि म्हणूनच मी ते कधी पाहिलं नव्हतं.

मुहूर्त सूर्योदयापासून दहा घटकांचा. तात्या पहाटेच पाटावर येऊन बसले होते. मांडवात गर्दी, सनई, आचाऱ्यांची आरडाओरड, खेडच्या मंडळींचं चहापाणी. ती मंडळी मोटारीने आदल्या दिवशीच आली होती आणि प्रत्येक गोष्टीत बारीक लक्ष ठेवून होती. मधे एकदा यमूला पिवळी साडी नेसवून गौरीहरापाशी नेत होते. ती तात्यांच्या अगदी जवळून गेली. घटका मोजताना तात्या कधी मान वर करत नसत. त्या वेळी त्यांनी केली. क्षणभरच. मग पुन्हा पाण्याकडे बघू लागले. दहाव्यांदा पात्र बुडालं, तात्यांनी दहावी सुपारी उजवीकडे ठेवली आणि हात वर केला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट ओढला, माळा पडल्या, ताशा कडाडला. अक्षता अजून डोक्यांवर होत्या तोच मुलाच्या मामांनी बंडीतून साखळीचं घड्याळ काढलं. हे मामा कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी ते आधी स्वतः नीट पाहिलं, मग तात्यांपुढे धरलं.

“जोशीबुवा, मुहूर्ताला अजून चोवीस मिनिटं आहेत.”

तात्यांनी सुपाऱ्यांकडे बोट दाखवलं. मामा म्हणाले, सकाळीच तार ऑफिसातून घड्याळ लावून आणलंय. कोणीतरी आमच्या आळीतल्या वकिलांना पुढे केलं. त्यांनी नाइलाजाने आपलं घड्याळ काढलं. तेही तेच सांगत होतं. ताशेवाले कोणी न सांगताच थांबले. पडलेला अंतरपाट पुन्हा धरता येत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यामुळे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खेडची मंडळी जेवली, पण आग्रह कोणी करून घेतला नाही. तात्या घंगाळापाशीच बसून होते आणि सुपाऱ्या मोजत होते. दहा. पुन्हा मोजत. दहा. मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. पात्र तळाशी उन्हात चमकत होतं, आणि ते लालभडक तांबं बघता बघता मला सगळं उलगडलं. फडताळात शिमग्यापासून पडलेलं, भोकाशी हिरवा गंज धरलेलं पात्र मी मापलं होतं. तो गंज धरून मी छिद्र मोठं केलं. आणि तात्यांनी गंज काढला.

खात्री करायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा नाखव्यांचं घड्याळ आणलं. साडेएकवीस मिनिटं. मी घड्याळ परत देऊन घरी आलो तर तात्या ओटीवर माझी वाट बघत बसले होते. समोर पाटी होती. रात्रभर त्यांना झोप नसावी. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि इतक्या सरळपणाने बोलले की आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

“तू मोठं गणित शिकतोस. मला एवढं शोधून दे. मी कुठे चुकलो?”

सांगायला एक वाक्य लागलं असतं. तात्या, मी भोक घासलं. मी ते बोललो नाही. का नाही, याची मी पुढे शंभर कारणं दिली आहेत. यमूच्या सासरी आणखी बोभाटा होईल, तात्यांना धक्का बसेल, आई मला क्षमा करणार नाही. खरं कारण एवढंच, की मला त्या ओटीवर हुशार मुलगा म्हणूनच बसायचं होतं. मी पाटी घेतली. आकडे मांडले. चोवीस मिनिटं लवकर, म्हणजे बरोबर एक घटका कमी. म्हणजे नऊ घटका झाल्या आणि सुपाऱ्या दहा सरकल्या. एका घटकेला दोन सुपाऱ्या सरकल्या. ते ऐकून तात्या म्हणाले, कधी? आणि मी त्यांना तेही सांगितलं. म्हटलं, यमू गौरीहराकडे चालली होती ना, तेव्हा तुम्ही मान वर केली होतीत.

तात्यांनी पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, “हो. केली होती.”

त्यांना ते लगेच पटलं. सगळं जुळत होतं. खोटं उत्तर मी पुढे आयुष्यात अनेक पोरांच्या वह्यांत पाहिलं, पण इतकं नीट जुळणारं क्वचितच.

त्यानंतर तात्यांनी पात्र कोणाच्या लग्नाला नेलं नाही. लोक एकदोनदा बोलवायला आले. तात्या सांगत, डोळे काम देत नाहीत. त्यांचे डोळे उत्तम होते. मग लोकही येईनात, घड्याळं झालीच होती. आळीतला तो ‘जोशीबुवांची सुपारी’ वाला प्रश्नही चालू राहिला, फक्त आता तो विचारताना लोक हसत. मी कॉलेजात परत गेलो. भांड्याचं आणि छिद्राचं उदाहरण परीक्षेत आलं आणि मी ते पूर्ण सोडवलं. पुढे त्याच विषयाचा शिक्षक झालो. तीसपस्तीस वर्षं मी पोरांना तेच उदाहरण शिकवलं. फळ्यावर स्थिरांक लिहिला की खडू त्यावर टेकवून आमच्या प्रोफेसरांचं वाक्य म्हणायचो. पोरं मागे बसून माझी नक्कल करत असणार. त्यापलीकडचं काही मी एकाही वर्गाला कधी सांगितलं नाही.

यमूला मात्र ती चोवीस मिनिटं जन्मभर पुरली. भात कच्चा राहिला की सासू म्हणे, “दहा घटका झाल्या वाटतं.” दूध उतू गेलं की माहेरचं घटिकापात्र. पहिल्यांदा हे थट्टेवारी होतं. मग तिचं पहिलं मूल जन्मलं आणि सातव्या दिवशी गेलं, आणि थट्टा संपली. चुकलेल्या मुहूर्तावर दुसरं काय होणार, असं भेटायला आलेली सासरची माणसं तिच्या तोंडावर बोलू लागली. ती बाळंतपणाला माहेरीच होती. तिला खेडला न्यायला माणूस आला त्या दिवशी ती स्वयंपाकघरात तात्यांपुढे उभी राहिली. ती काय बोलली ते मला शब्द न् शब्द ठाऊक आहे. ती म्हणाली, “तुम्हाला दहासुद्धा मोजता आले नाहीत? माझ्या लग्नात?” आणि तात्या म्हणाले, “नाही आले, गो.” मग ती गेली. पुढे माहेरी आली ती कार्याप्रसंगी, पाहुण्यासारखी. तात्यांशी बोलली नाही असं नाही, पण ‘जेवलात का’ याच्या पलीकडे नाही. तात्या आजारी पडले तेव्हा तिला निरोप धाडला होता. ती दोन दिवस उशिरा पोचली. मला आजही वाटतं, ती निरोप मिळताच निघाली असती तर वेळेवर पोचली असती.

आता आई नाही, काका-काकू नाहीत. ती गोष्ट ठाऊक असलेली दोनच माणसं उरलो, त्यातल्या एकाला ती चुकीची ठाऊक. गेल्या वर्षी मी एस.टी.ने खेडला गेलो. यमूचं घर भरलेलं आहे. नंतर तिला तीन मुलं झाली, नातवंडं आहेत, मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या पडवीत ती ताट पुढ्यात घेऊन फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत बसली होती. सोलता सोलता मोजत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं; कानस, चिंच, पाटी, आणि मान वर करण्याबद्दल मी तात्यांना जे सांगितलं तेही. बोलताना मला हलकं वाटू लागलं होतं, हे मी लपवत नाही. म्हातारपणी माणूस असाच स्वार्थी होतो. ओझं उतरवायला निघतो आणि कोणाच्या डोक्यावर उतरवतो ते बघत नाही.

यमूचे हात थांबले होते. मोजणंही थांबलं होतं.

“मी त्यांना काय बोलले होते, आठवतं तुला?” तिने विचारलं.

मी आठवतं म्हटलं.

“तुला कसं ठाऊक? तिथे तर मी आणि तात्याच होतो.”

“मी ओटीवर होतो.”

“ऐकत होतास?”

“हो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तात्यांच्या बाजूने बोलायला मी तेव्हा आत जायला हवं होतं, अंतर चार पावलांचं होतं. ते मला तिने सांगायची गरज नव्हती आणि तिने सांगितलंही नाही. तिने आठळ्यांचं ताट बाजूला सारलं आणि आत वळून सुनेला हाक मारली.

“दादा निघतोय गो. त्याची पिशवी आण.”

मी निघतो असं म्हटलं नव्हतं.